गुठळीची साक्ष

त्या यंत्राचं सरकारी नाव चांगलं लांबलचक, संस्कृतात बुडवून काढलेलं होतं. पण दवाखान्यात त्याला सगळे ‘चुगलखोर’च म्हणायचे. तंत्रज्ञ म्हणायचे, परिचारिका म्हणायच्या, आणि समोर रुग्ण नसला की मूत्रपिंड विभागाच्या प्रमुख डॉ. आफरीन नदाफही म्हणायच्या. नाव काही उगाच पडलं नव्हतं. माणसाच्या अंगात रक्ताची गुठळी कधी झाली आणि कशामुळे झाली, हे ते यंत्र सांगायचं. सांगताना कोणाची भीडभाड ठेवायचं नाही.

या चुगलखोराचा निकाल ऐकायला केतकी नदाफबाईंच्या खोलीत बसली होती, शेजारी नवरा रणधीर. केतकी कोल्हापूरच्या पाणीपुरवठा खात्यात अभियंता होती. वय चौतिशीचं, पण पायांना सूज, तोंड उतरलेलं, आणि एक दिवसाआड घरीच त्या पेटीएवढ्या यंत्राला जोडून घेऊन रक्त गाळून घ्यायचं. तिची दोन्ही मूत्रपिंडं संपत आली होती. आई आपलं एक मूत्रपिंड द्यायला तयार होती, नुसती तयार नव्हे, हट्टाला पेटली होती. अडलं होतं ते एवढ्यावरच, की दिलेलं मूत्रपिंड केतकीच्या अंगात टिकेल का?

तिचा आजारच तसा उलट्या काळजाचा. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं असतात, घराच्या राखणदारासारखी. केतकीच्या राखणदारांचं डोकं फिरलं होतं. रक्तवाहिनीच्या आतल्या चरबीच्या थराला एक साधंसुधं प्रथिन चिकटतं. ही प्रतिपिंडं त्या प्रथिनालाच चोर समजून धरायची. मग रक्तवाहिनीला वाटायचं, आपल्याला जखम झाली. जखम म्हटली की रक्त गोठायचं. न झालेल्या जखमेवर गुठळी! हा आजार कळला तोच मुळी पाचव्या महिन्यात पोटातलं बाळ गेल्यावर. वारेतल्या रक्तवाहिन्या गोठल्या होत्या, आणि बाळाला रक्तच पोचलं नव्हतं.

त्यानंतर पाळी मूत्रपिंडांची. तिथे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे लाखो गुंतवळे असतात, आणि रक्त त्यांतूनच गाळलं जातं. एकेका गुंतवळ्यात गुठळी अडकत गेली. रक्तदाब चढला, लघवीला फेस यायला लागला, मूत्रपिंडं आक्रसली. बारीक जाळीत गाळ बसला की पुढे काय होतं, हे केतकीला कोणी शिकवायला नको होतं. तिचं सगळं आयुष्य जाळ्या साफ करून घेण्यातच गेलं होतं. फक्त ही जाळी साफ करता येत नव्हती. प्रयोगशाळेत वाढवलेली मूत्रपिंडं अजून डुकरांमध्ये आणि बातम्यांमध्येच होती.

‘‘मूत्रपिंडातल्या गुठळ्या वाचून झाल्या,’’ नदाफबाई म्हणाल्या. ‘‘एका अर्थी बातमी चांगली आहे.’’

‘‘एका अर्थी म्हणजे?’’ रणधीरनं लगेच विचारलं.

बाईंनी समजावून सांगितलं. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात, आणि त्यांच्यावर शेवटचा हात फिरवायला के जीवनसत्त्व लागतं. केतकी घेत होती ती गोळी नेमका तो हात अडवायची. प्रथिनं अर्धीकच्ची राहायची आणि रक्त पातळ राहायचं. गोळी जुनी, आजोबांच्या काळातली. पण या आजारापुढे नव्या सोयीच्या गोळ्या तोकड्या पडायच्या, म्हणून अजून तीच चालू होती. तिचा एकच नखरा. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. खाण्यात पाला एकदम वाढला की गोळी हरते.

‘‘गुठळी एका दमात होत नाही, थरावर थर बसतो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘प्रत्येक थरात त्या वेळची प्रथिनं अडकलेली असतात. ती कच्ची निघाली, तर गोळी नीट चालू असतानाही आजारानं गुठळी केली असा अर्थ होतो. मग नवं मूत्रपिंडही तो खाणार, आणि प्रत्यारोपण समिती परवानगी देणार नाही. तुमच्या थरांतली प्रथिनं पक्की आहेत, केतकी. म्हणजे गोळी हरली होती. तुमच्या पोटात त्या काळात पाला जात होता, आणि चिक्कार जात होता.’’

‘‘शक्यच नाही. मी पालेभाजीला हातसुद्धा लावला नाही. आणि घरी बोटातला थेंब घेऊन तपासत होते की! आकडे चांगले यायचे.’’

‘‘थेंब तपासणारं ते यंत्र या आजारात कधीकधी फसतं. ते आम्ही तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, तो दोष आमचा.’’ बाई म्हणाल्या. ‘‘पाल्याचे काही रेणूही थरात राहतात, त्यावरून झाड ओळखता येतं. शेवगा आहे. झाड समुद्राकाठचं, खारी हवा लागलेलं. वाळवलेला पाला रोज थोडाथोडा पोटात गेलाय. तुमच्याकडे असं काही येतं का कुठून?’’

समुद्राकाठी, आईच्या आचऱ्याच्या घरामागे, विहिरीच्या कडेला शेवगा होता. आणि बाळ गेल्यापासून आई न चुकता एकच गोष्ट पाठवत होती: थालीपिठाची भाजणी. ती जराशी हिरवट असायची. आईनं मूग सढळ हातानं घातलेत, असं केतकीला वाटायचं. रोज सकाळी एक थालीपीठ खाऊन ती कामावर जायची.

रणधीर खाली मान घालून बसला होता. थालीपिठं तोच थापायचा.

‘‘चांगली बातमी ती हीच,’’ बाई जरा घाईनं म्हणाल्या. ‘‘कारण बाहेरचं आहे, टाळता येण्यासारखं आहे. समिती मूत्रपिंड बसवायला परवानगी देईल. पण दात्याला सगळं सांगावं लागेल.’’

कायदा नवाच होता, आणि तसा शहाणपणाचा होता. नातेवाइकांना अर्धवट सांगून, भरीला घालून अवयव काढून घेतल्याची प्रकरणं झाली होती, म्हणून दात्याचा जाणण्याचा हक्क आला. ज्या निष्कर्षावर परवानगी मिळते, तो निष्कर्ष दात्यानं समितीसमोर पुरता ऐकायचा, त्यातलं काही वगळायचं नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लबाड नातेवाईक होते. मुलीला खाऊ पाठवणारी आई त्यांना कुठून सुचणार?

‘‘नुसतं ‘आहारातला बदल’ म्हणा ना,’’ केतकी म्हणाली. ‘‘एवढं तरी करा, मॅडम.’’

‘‘मला नाही करता येत ते. आणि उद्या त्यांनी पुन्हा तेच पाठवलं, तर त्यांचं मूत्रपिंडही जाईल.’’

‘‘मग दुसऱ्या कोणाचं...’’

ते काही व्हायचं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. मेंदू मृत झालेल्या माणसाचं मूत्रपिंड या आजाराच्या रुग्णाला मिळत नसे, रांगेत त्यांचा नंबरच लागत नसे. रणधीरला विशीतच साखरेचा आजार लागला होता. वडील कधीचे गेले होते. उरली होती ती आईच.

घरी आल्यावर रणधीरचा बांध फुटला. ‘‘तुझ्या आईला डॉक्टरनी किती वेळा सांगितलं होतं, पाला नको म्हणून! माझ्यासमोर सांगितलं होतं. तरी पण? म्हणजे शहाण्या त्याच तेवढ्या, आणि बाकी सगळे...’’

‘‘एक शब्द बोलू नकोस.’’

‘‘का नको बोलू? दोन्ही मूत्रपिंडं गेली तुझी!’’

‘‘तू भाजून दिलंस, मी खाल्लं. चव मलाही कळली नाही, तुलाही नाही.’’

असं बोलायचं तिच्या मनात नव्हतं, पण बोलून गेली खरी. तो म्हणाला, ‘‘सांगायला तर लागंलच की गं त्यांना. दुसरा रस्ता नाही.’’

‘‘आहे. मला मूत्रपिंड नको. डायलिसिसवर माणसं जगतात.’’

जगतात, पण केतकीचा आजार त्या यंत्राच्या नळ्यांतही रक्त गोठवायचा. नळी बदला, पुन्हा टोचा, पुन्हा गोठलं. हातावरच्या शिरा संपत चालल्या होत्या. असं फार दिवस चालणार नाही, हे रणधीरला समजत होतं आणि तिलाही समजत होतं. तो गॅलरीत गेला आणि तिच्याकडे पाठ करून रडला.

आई चार दिवसांनी आली. सुगंधा तारी साठीच्या घरात आली होती, तरी अंगानं काटक. माशांच्या लिलावात बोली लावून लावून आवाज खणखणीत झालेला. दात्याच्या सगळ्या तपासण्यांत ती पास झाली होती आणि त्याचा तिला कोण अभिमान! ‘‘डागतरीण म्हणाली, माजी किडनी चाळिशीतल्या बाईसारखी असा,’’ तिनं आल्या आल्या जावयाला ऐकवलं. केतकीला म्हणाली, ‘‘एक तुका, एक माका. भानगडच नाय.’’

केतकीनं त्याच बैठकीत सांगून टाकलं, की तिला मूत्रपिंड नको, तिनं विचार बदललाय.

सुगंधाला आधी ती थट्टाच वाटली. मग वाटलं, पोरगी आपल्या वयाला भिते आहे. तिनं समजूत घातली, रागावली, स्वतःच्या बापाची शपथ घातली. केतकी ढिम्म हलेना. कारण विचारलं की म्हणायची, मला नको, बस्स. दिवस जात होते, आणि आई रोज नवीन कारण शोधत होती. शेवटी तिला एक सापडलं.

‘‘माजा कित्याक नको गो?’’ एके दुपारी ती म्हणाली. केतकी तेव्हा यंत्राला जोडलेली होती. दोन वेळा नळी गोठून झाली होती आणि दंडाला नवी पट्टी बांधलेली होती. ‘‘माज्यात काय वायट असा? मासळी इकणारी म्हणान? तू शिकलंस, मोठ्या हापिसात गेलंस. आता माजा तुज्या आंगात नको?’’

हे मात्र केतकीला ऐकवेना. आईचं जे मन वाचवायला ती मरायला निघाली होती, तेच तिनं मोडून ठेवलं होतं. आईला खरं सांगितलं तर एक घाव, न सांगितलं तर हा दुसरा, आणि हा तर खोटाही होता. शिवाय सांगायचंच असेल, तर ते परक्या माणसांसमोर टेबलापलीकडून कशाला? आपल्या तोंडून कळू दे.

‘‘आये,’’ ती म्हणाली, ‘‘तू भाजणीत काय घालीत होतंस?’’

‘‘काय म्हणजे? तांदूळ, चणे, उडीद, मूग, धणे...’’

‘‘आणि?’’

सुगंधा एकदम हसली. चोरी पकडली गेली म्हणून लाजली आणि खूशही झाली. ‘‘गावला तुका? शेवग्याचो पालो. सावलेत सुकवलंय, उनात रंग जाता म्हणान. मगे पूड केलंय. पालो म्हणान सांगलंय असता तर तू तोंडात घेतलं नसतंस. तुजा बाळ गेला तेव्हा तू कशी पांढरीफटक पडलेलंस! आंगात रगत म्हणान नाय. डागतर म्हणत पालो नको. त्येंका काय, वात होता म्हणान सांगत असतीत. शेवग्यान रगत वाढता गो. माज्या आयेन माका तोच दिल्यान.’’

केतकीनं आईचा हात हातात घेतला आणि सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण काही गाळलं नाही. गोळी काय करते ते सांगितलं, आणि पाला गोळीला कसा हरवतो तेही. गुठळ्यांत काय सापडलं हेही सांगितलं. आपण रोज ते आवडीनं खात होतो, आणि यंत्र फसलं, डॉक्टर चुकले, यात तुझा एकटीचा दोष नाही, हे तर तिनं दोनदा सांगितलं. सुगंधा ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. लिलावात भाव पडला की ती अशीच बसायची, टोपलीकडे बघत. यंत्र आपलं घरघरत होतं आणि नळीतून रक्त जात होतं, येत होतं.

मग तिनं विचारलं, ‘‘ती पण माजीच मां गो?’’

‘‘काय, आये?’’

‘‘किडनी. ती पण माजीच. ती तरी चलतली मां तुका?’’

केतकीला हुंदका आवरला नाही. ‘‘चलतली,’’ ती म्हणाली. ‘‘चलतली, आये.’’

समितीसमोर नदाफबाईंनी बोलायला सुरुवात केली, तेव्हा सुगंधा लेकीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘माका म्हायत असा. माज्या चेडवान सांगल्यान.’’ तरी कायद्यानं सगळं वाचावंच लागलं. शेवगा, वाळवलेला पाला, समुद्राकाठचं झाड. बाईंनी दवाखान्याची चूकही वाचली, जरा मोठ्यानंच. सुगंधा उभी राहून ऐकत होती. बसा म्हटलं तरी बसली नाही. दवाखान्याची चूक तिच्या कानापर्यंत पोचलीच नाही. शेवटी तिला विचारलं, हे ऐकून तुमचा विचार बदलला का? तिनं नाही म्हणून मान हलवली आणि म्हणाली, लवकर करा.

शस्त्रक्रिया झाली. आईचं मूत्रपिंड केतकीच्या ओटीपोटात बसवलं, आणि रक्त सोडल्यासोडल्या ते कामाला लागलं. नदाफबाई म्हणाल्या, इतकं गुणी मूत्रपिंड फार दिवसांत पाहिलं नाही. पायांची सूज उतरली. रणधीरनं ते पेटीएवढं यंत्र परत देऊन टाकलं. महिन्याभरात केतकी खात्यात रुजू झाली, आणि लोक तिला म्हणायला लागले, तोंडावर तेज आलंय.

सुगंधा टाके निघाल्याबरोबर गावी गेली. केतकी राहा म्हणाली, रणधीर तर पाया पडला. त्यानं तिला मनापासून माफ केलं होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे तो स्वतःलाच माफ करू शकत नव्हता. पण या दोन्ही गोष्टी सासूला सांगायच्या कशा, हे त्याला कळत नव्हतं. ती फोन करायची. गोळी घेतलीस का विचारायची, लघवी साफ होते का विचारायची. भाजणी येणं तर बंद झालंच, पण कोकम नाही, कुळथाचं पीठ नाही, घरचे तांदूळ नाहीत. आचऱ्याहून काहीच येईना. घरामागचा शेवगा तिनं माणूस लावून मुळापासून काढून टाकला, हे केतकीला शेजाऱ्यांकडून कळलं.

वर्षभरानं तपासण्या अशा काही छान आल्या, की नदाफबाईंनी सांगून टाकलं, पाला सोडून सगळं खा, मनसोक्त खा. पाल्याचंही हळूहळू बघू. केतकीनं रजा टाकली आणि दोघं आचऱ्याला गेली.

सुगंधानं लेकीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. दुपारी जेवायला हाक आली. रणधीरसमोर बांगड्याची आमटी, भात, सोलकढी, तळलेली सुरमई. केतकीसमोर दवाखान्याचा बंद डबा. वजन करून, जीवनसत्त्वं मोजून भरलेला. हे डबे ओरोसच्या आरोग्य केंद्रावर मिळतात, याची चौकशी आईनं आधीच करून ठेवली होती. डबा गरम करतानासुद्धा तिनं हाताला फडकं गुंडाळलं होतं, जणू आपला हात लागला तर काही होईल.

‘‘आये, ह्या काय? माका तुज्या हातचा जेवक व्हया.’’

‘‘ताच बरा तुका.’’

‘‘डागतरान सगळा खा म्हणान सांगल्यान. फोन लावू तेंका?’’

सुगंधानं डबाच पुढे सरकवला. केतकी स्वतःच उठली, एक ताट घेतलं, पातेल्यातला भात वाढून घेतला, आमटी घेतली आणि येऊन बसली. पहिला घास तोंडात गेला आणि तिचे डोळे भरून आले. तिरफळाचा तो वास, कोकमाची ती आंबट चव. बाळ गेल्यापासून, मूत्रपिंडं जायला लागल्यापासून, किती दिवसांत तिला अशी भूक लागली नव्हती! तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. आईला बघून बरं वाटावं म्हणून जरा जास्तच चवीनं ती खायला लागली. बोटं चाटली, ‘‘झकास झाली असा,’’ म्हणाली.

सुगंधा चुलीजवळ उभी होती. केतकीचा हात ताटाकडे जायचा, तोंडाकडे जायचा, आणि सुगंधाचे डोळे त्या हाताबरोबर जायचे. तोंडावरचा रंग उतरत चालला होता. आमटीत पाला नव्हता. तिनंच केली होती, तिला ते ठाऊक होतं. पण पूर्वीही तिला सगळं ठाऊकच होतं.

केतकीनं भातावर आणखी आमटी ओतून घेतली आणि घास कालवला.

सुगंधा पुढे आली आणि तिनं ताट ओढून घेतलं. रणधीर घास हातात धरून बघत राहिला. सुगंधानं ते भरलेलं ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, आणि आमटीचा ओघळ तिच्या साडीवरून खाली चालला होता.

‘‘पुरो,’’ ती म्हणाली. ‘‘पुरो झाला, बाय.’’

केतकी खरकट्या हातानं तशीच बसून राहिली. तिला अजून भूक होती.